शहर नसलेले तीर्थ

महाराष्ट्रात क्षेत्र म्हटले की डोळ्यांसमोर गाव उभे राहते. पंढरपूरला चंद्रभागेचे वाळवंट आणि त्याला खेटून वसलेले मठ, वाडे, बोळ. नाशिकला गोदाघाट आणि पंचवटी. कोल्हापूरला अंबाबाईच्या भोवतीच्या पेठा. तुळजापूरला भवानीच्या पायऱ्यांपाशीच सुरू होणारा बाजार. देवामुळे गाव वाढले आणि वाढलेल्या गावाने देव सांभाळला, अशी या साऱ्या क्षेत्रांची कथा आहे. या चौकटीत न बसणारे एक थोर क्षेत्र नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यात आहे. सप्तशृंगगडाची गणना राज्यातल्या साडेतीन शक्तिपीठांत अर्धे पीठ म्हणून होते. चैत्रात आणि नवरात्रात तिथे लाखोंची रीघ लागते. असे असूनही या देवीला स्वतःचे शहर कधी लाभले नाही. गडावर वस्ती आहे, ग्रामपंचायत आहे, धर्मशाळा आणि प्रसादाची दुकाने आहेत. पण इतर पीठांना आले तसे पेठांचे, वाड्यांचे, सावकारीचे नगरपण गडाला आले नाही. बरेच जण याकडे मागासलेपण म्हणून पाहतात. मला मात्र यातच या तीर्थाची खरी घडण दिसते. शहर जी कामे एका जागी करते, ती इथे एका सबंध मुलखाने शतकानुशतके वाटून घेतली. ही वाटणी समजून न घेता आज गडमाथ्यावरच शहर उभे करण्याकडे आपला कल झुकतो आहे, आणि तो डोंगराला झेपणारा नाही.

आधी जागा पाहू. गड सातमाळा रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. खाली नांदुरी गाव, तिथून वळणावळणाचा घाट, मग पठार, आणि पठारावरून सरळ वर गेलेला काळा कडा. त्या कड्याच्या पोटात देवीची मूर्ती कोरलेली आहे. सातमाळा ही पाणी वाटणारी रांग आहे. तिच्या दक्षिणेला पडलेला पाऊस कादवेसारख्या नद्यांतून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो; उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेत उतरतो. गिरणा पश्चिमेला केमच्या डोंगरात उगम पावते, कळवण तालुक्यातून वाहत मालेगावला जाते, पुढे जळगाव जिल्ह्यात शिरून तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. म्हणजे देवी बसली आहे ती दोन मोठ्या खोऱ्यांच्या शिवेवर. अशा जागी नगर वसत नाही, कारण नगराला बारमाही पाणी, सपाट जमीन आणि गाड्यांची वाट लागते. पण अशी जागा दोन्हीकडच्या मुलखाला सारखीच आपली वाटते. कळवण-मालेगाव-देवळ्याकडचा कसमादे पट्टा आणि खानदेश गिरणेच्या अंगाने वर येतात, दिंडोरी-नाशिककडचे लोक वणीच्या अंगाने. गड कळवण तालुक्यात असूनही जगात ती वणीची देवी म्हणून ओळखली जाते, आणि वणी तर शेजारच्या दिंडोरी तालुक्यातले गाव. कळवणकरांना याची खंत वाटते, पण सुरुवातीपासून एका गावाची मालकी या तीर्थावर नव्हती, याचीच ही खूण आहे.

इतिहासातही तेच दिसते. पठारावरून मंदिराकडे चढणाऱ्या पायऱ्यांची संख्या पाचशेच्या आसपास आहे. त्या १७१० च्या सुमारास उमाबाई दाभाडे यांनी बांधल्याचे सांगितले जाते. उमाबाई म्हणजे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव मारले गेले, त्यानंतर सेनापतिपदाचा कारभार त्यांनी स्वतः पाहिला. त्यांचे सासर तळेगावचे, पण माहेर अभोण्याचे. ठोके देशमुखांच्या त्या कन्या. अभोणा हे कळवण तालुक्यातलेच गिरणाकाठचे गाव. सत्तेच्या शिखरावर पोचलेल्या या बाईच्या नावाने माहेरच्या देवीपाशी काय उरले आहे, तर वाट. दुसऱ्या कुणाला सभामंडप, दीपमाळ किंवा वाडा सुचला असता. पायऱ्यांवर नाव टिकते ते चालणाऱ्याच्या पायांखाली. गडावरच्या जुन्या दानधर्माचा मोठा भाग असा वाट, पाणी आणि सावली यांवर खर्च झालेला आहे, आणि ते स्वाभाविक होते. जिथे देऊळ म्हणजे डोंगराचा कडाच आहे, तिथे दात्याने बांधायचे काय? त्याने माणसाला तिथवर न्यायचे. सूर्यकुंड, कालीकुंड यांसारखी कुंडे आणि शिवालय तीर्थही याच हिशेबातली आहेत.

मानपानाची व्यवस्था पाहिली की ही वाटणी अधिक स्पष्ट होते. मंदिराच्या मागचे शिखर सुळक्यासारखे आहे आणि त्यावर जायला बांधलेली वाट नाही. चैत्र पौर्णिमेला आणि नवरात्राच्या अखेरीस तिथे रात्री कीर्तिध्वज लावला जातो, तो दरेगावच्या गवळी पाटील घराण्याच्या मानाने. पायथ्याच्या गावातला माणूस अंधारात, ज्या कड्यावर दिवसाही कुणी चढायला धजावणार नाही, तिथे निशाण घेऊन जातो, आणि पहाटे ते निशाण दिसले की खालचा समुदाय हात जोडतो. सबंध उत्सवातले सर्वांत अवघड आणि सर्वांत उंच काम मंदिराच्या बाहेरच्या माणसाकडे आहे. कोजागरीला नद्यांचे पाणी कावडीत भरून अनवाणी आलेले कावडकरी देवीला अभिषेक घालतात. त्याच पौर्णिमेला राज्यातून आणि बाहेरून तृतीयपंथी गडावर जमतात, आणि ज्यांना एरवी दारात उभे केले जात नाही त्यांचा तो हक्काचा दिवस असतो. नवरात्राच्या तोंडावर गावोगावचे तरुण गडावरून ज्योत पेटवून धावत आपल्या गावी नेतात, म्हणजे त्या नऊ दिवसांत देवीच गावोगाव पोचते. समोरच्या मार्कंडेय पर्वतावर त्याच नावाच्या ऋषींनी दुर्गा सप्तशती सांगितली आणि देवीने ती मान किंचित कलती करून ऐकली, अशी श्रद्धा आहे. मूर्तीची मान खरोखरच त्या बाजूला कललेली आहे. तेव्हा कथासुद्धा एका गाभाऱ्यात मावत नाही, तिला दोन डोंगर लागतात.

सर्वांत मोठा पुरावा चैत्राच्या पदयात्रेचा आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून माणसे पायी येतात. ऐन उन्हाळ्यात खानदेश तापलेला असतो. डांबर पायाला चटके देते, म्हणून मंडळी पहाटे आणि रात्री चालतात आणि दुपार झाडाखाली काढतात. मालेगाव, देवळा, कळवण या वाटेवर पाण्याचे पिंप, ताकाचे हंडे, जेवणाच्या पंगती, पायांच्या फोडांना मलमपट्टी, हे सारे गावे आपखुशीने करतात. खानदेश हे देवीचे माहेर, म्हणून येणारे हे तिचे माहेरचे लोक, अशी भावना आहे. यात्रेकरूला राहायला, जेवायला, औषधाला जे शहर लागते, ते असे शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावर पसरलेले असते आणि पौर्णिमा सरली की विरून जाते. त्याचा भार डोंगरावर पडत नाही, आणि त्याचे पुण्य एका गावाच्या वाट्याला जात नाही. कांदा काढणीच्या धावपळीतला शेतकरी आपल्या ओट्यावर अनोळखी माणसांना निजायला जागा देतो, तेव्हा तो गडाचाच एक भाग सांभाळत असतो.

आता याला पहिला आक्षेप येईल तो असा : हे सारे धडधाकट माणसाचे तत्त्वज्ञान झाले, म्हाताऱ्यांनी, अपंगांनी, गर्भार बायांनी काय करायचे? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर मिळालेही आहे. २०१८ साली पठारावरून मंदिरापर्यंत फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि ज्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या त्यांना दर्शन सुकर झाले. याचे स्वागतच केले पाहिजे. उमाबाईंच्या पायऱ्याही त्यांच्या काळातली सोयच होत्या. दगडाला धरून चढणाऱ्याला जी पायरी, ती गुडघे गेलेल्या आजीला ट्रॉली. कष्ट म्हणजेच भक्ती असे मानण्याचे कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. सोय माणसाला देवीपर्यंत नेते तोवर ती वाटेच्या परंपरेतच बसते. पण सोयीच्या मागोमाग वाहनतळ, मुक्कामाच्या इमारती, दुकानांच्या रांगा पठारावर वाढू लागल्या की माणसाला पोचवण्याचे काम मागे पडते आणि शहर वसवण्याचे काम सुरू होते. डोंगराची मर्यादा प्रशासनाला ठाऊक नाही असेही नाही. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच अडवून एसटीने भाविकांना वर नेले जाते. कड्यावरून दरड कोसळू नये म्हणून संरक्षक जाळ्या बसवाव्या लागल्या आहेत. घाटात २००८ साली मोठा बस-अपघात झाला आणि २०२३ मध्येही एसटी दरीत कोसळली. यात्रेपुरता जो नियम आपण पाळतो, तो वर्षभराचे धोरण का होऊ नये?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. गडावरची आणि भोवतालच्या आदिवासी पाड्यांवरची कितीतरी घरे नारळ, ओटी, पेढे, चहा यांवर चालतात. वर बांधकाम वाढले नाही तर त्यांनी काय खायचे? पण माथ्यावरच्या बांधकामात भांडवल कुणाचे लागते आणि नफा कुठे जातो, हे आधी पाहावे. पठारावर जागा थोडी, म्हणून ती महाग. तिथे लहान माणूस टिकत नाही. मुक्काम, जेवण, बाजार नांदुरी, अभोणा, कळवण, वणी अशा पायथ्याच्या गावांत वाढला, तर कोकणा आणि भिल कुटुंबांना आपल्या शेतातला माल आपल्या दारात विकता येईल. कळवण-सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी, नागली, रानभाज्या यांना यात्रेकरूसारखे गिऱ्हाईक दुसरे नाही. पसरलेले तीर्थ पैसाही पसरवते. एका जागी कोंडलेले तीर्थ तो मोजक्या हातांत ठेवते.

तिसरा आक्षेप सुधारकांचा आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मान म्हणजे जन्माने मिळालेला अधिकार. त्याचे गोडवे गाताना आपण उतरंडही जपतो आहोत का? शिवाय परंपरेत बोकडबळीही येतो. या बळीची हकीकत बोलकी आहे. २०१६ च्या दसऱ्याला बळीच्या वेळी मानवंदनेची गोळी झाडताना अपघात होऊन भाविक जखमी झाले, पुढच्या वर्षी प्रथेवर बंदी आली, आदिवासी भाविकांच्या वतीने दाद मागितली गेली आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. बळीविषयी माझे मत अनुकूल नाही. तरीही ज्यांची ती प्रथा आहे त्यांच्याशी न बोलता ती आदेशाने पुसणे मला मान्य होत नाही, कारण डोंगराच्या देवीशी सर्वांत जुने नाते सांगणाऱ्यांत हेच लोक आहेत. प्रथा बदलायची तर ती पाळणाऱ्यांच्या संमतीने बदलावी. मानाबाबत म्हणाल, तर वारसा आणि उतरंड या एकच गोष्टी नाहीत. जो मान दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी असतो तो सोडलाच पाहिजे. जो मान जोखमीचे कर्तव्य म्हणून येतो, तो आदराने जपला पाहिजे.

परंपरा स्वतःला दुरुस्त करू शकते, याचा पुरावाही गडानेच दिला आहे. अठरा हातांची, सुमारे आठ फूट उंचीची ही मूर्ती. तिला अकरा वार साडी आणि चोळीला तीन खण लागतात. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लिंपला जाऊन तिच्यावर जाड कवच चढले होते. २०२२ च्या जुलैमध्ये मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते कवच उतरवले गेले. निघालेला शेंदूर एक हजार किलोहून अधिक भरला. आतून रेखीव डोळ्यांची, स्पष्ट आयुधांची मूर्ती प्रकटली आणि घटस्थापनेला लोकांनी ती डोळे भरून पाहिली. कुणाची श्रद्धा त्यामुळे उणावली नाही. शेंदराचा प्रत्येक थर भक्तीनेच चढवला होता. तरी त्या थरांनी मूर्ती झाकली होती, हेही खरे. पठारावरच्या बांधकामाचे असेच आहे. प्रत्येक इमारत यात्रेकरूच्या सोयीसाठी, चांगल्या हेतूने उभी राहते. सगळ्यांची बेरीज मात्र डोंगराला झाकते. ज्या विश्वासाने मूर्तीवरचा भार उतरवला, त्याच विश्वासाने गडावरचा भार उतरवता आला पाहिजे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. त्यासाठी आलेल्या माणसांतली पुष्कळ गडावरही येतील आणि विकासाचा निधीही येईल. तो कसा खर्चायचा याचे उत्तर इतिहासात आहे. पदयात्रेच्या वाटेवर झाडे, पाणी, स्वच्छतागृहे आणि दवाखाने द्यावेत. जुन्या पायऱ्या, कुंडे आणि गडाचा प्रदक्षिणा मार्ग दुरुस्त करावा. मुक्काम आणि वाहनतळ पायथ्याला ठेवून वर सार्वजनिक वाहनानेच जाण्याची शिस्त वर्षभर लावावी. आणि गडाचा आराखडा करताना देवस्थानचा ट्रस्ट व सरकार यांच्या जोडीला दरेगाव, नांदुरी आणि भोवतालच्या पाड्यांना, तसेच खानदेशातल्या पदयात्री मंडळांना निर्णयात जागा द्यावी. हे तीर्थ आजवर ज्यांनी खांद्यावर वाहिले, त्यांना केवळ गर्दी समजून मोजण्याचे आपण थांबवले, तर पुढचा आराखडा तेच अधिक नेटका सांगतील.