मद्याचा व्हायरल प्रसार आणि सम्यक आजीविका



आपल्यापैकी बरेच जण इथे ब्रिटनमध्ये आयटीत काम करतात. काम कोणत्या ग्राहकाचे करायचे हे बहुधा आपल्या हातात नसते. आज बँक, उद्या विमा कंपनी, परवा ऑनलाइन वाइन विकणारे दुकान. समजा, त्या दुकानाने सांगितले की आमची सवलत व्हायरल होईल अशी यंत्रणा बांधून द्या. पंचशील ग्रहण केलेल्या उपासकाने ते काम घ्यावे का?

पहिली पळवाट अशी की वाइन म्हणजे काही दारू नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हाही हाच युक्तिवाद झाला होता. पण पाचव्या शीलात 'सुरा' आणि 'मेरय' असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि विनयपिटकात मेरयाची फोड करताना फुलांचा, फळांचा, मधाचा व गुळाचा आसव सांगितला आहे. द्राक्षाची वाइन फळांच्या आसवातच मोडते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञाही बाटलीवरचे लेबल पाहून सूट देत नाही. शरीरही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

दुसरी पळवाट जास्त अवघड आहे: मी पीत नाही, विकत नाही, फक्त कोड लिहितो. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, जीव, मांस, मद्य आणि विष. पण व्यापारी कोणाला म्हणायचे? दुकानदाराला नक्कीच. मग त्याचे कार्ड पेमेंट चालवणारा, सर्व्हर सांभाळणारा, पेटी घरपोच करणारा ड्रायव्हर? साखळी ओढत गेलो तर या देशात कोणालाच नोकरी करता येणार नाही. म्हणून बाटलीपासून आपण किती लांब आहोत हे मोजून उत्तर मिळत नाही. आपल्या कामामुळे नेमके काय घडते ते पाहावे लागते.

व्हायरल मोहिमेचे गणित आपल्या ओळखीचे आहे. एका ग्राहकाने दहा जणांना कळवले आणि त्यातल्या दोघांनी खरेदी केली, तर गुणांक दोन. दोनाचे चार, चाराचे आठ. कोविडच्या काळात रोज ऐकलेला 'आर' हाच. गुणांक एकाच्या वर गेला की कंपनीला जाहिरातीवर फारसा खर्च करावा लागत नाही, ग्राहकच ते काम करतो. २००६ च्या नाताळाआधी इथे याचा मोठा नमुना दिसला. थ्रेशर या मद्यविक्रीच्या दुकानसाखळीचे ४० टक्के सवलतीचे कूपन पुरवठादार आणि त्यांच्या मित्रमंडळींसाठी होते, असे सांगण्यात आले. ते इंटरनेटवर आले, ईमेलमधून देशभर फिरले आणि दुकानांत गर्दी उसळली. 'ही खास मित्रांसाठीची गोष्ट आहे, तुला म्हणून पाठवतोय', हेच त्या कूपनचे बळ होते. आजची 'मित्राला कळवा, दोघांनाही सवलत' ही योजना तेच बळ मुद्दाम वापरते.

इथे सिगालोवाद सुत्त आठवते. त्या एकाच उपदेशात भगवान बुद्ध मद्याचे सहा तोटे सांगतात: धनहानी, भांडणे, रोग, अपकीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी मंदावणे. आणि तिथेच खरा मित्र व खोटा मित्र कसा ओळखावा, हेही सांगतात. पिण्याच्या वेळी सोबत येणारा मित्र नव्हे. आपण बेसावध असताना आपले रक्षण करतो तो मित्र. व्हायरल मोहीम याच जागी हात घालते. जो आपल्याला आवरायचा, त्याच्याच हातून ती कूपन पाठवते. परक्याच्या जाहिरातीपुढे माणूस थोडा सावध असतो. बहिणीचा किंवा जुन्या रूममेटचा संदेश आला की तो सावधपणा सुटतो. पाचवे शील ज्याला प्रमाद म्हणते, त्याची सुरुवात अशा वेळी पेल्याच्याही आधी होते.

शिवाय यादीतल्या त्या दहा जणांत कोण आहे हे यंत्रणेला ठाऊक नसते. त्यात नुकतीच दारू सोडलेला कोणी असू शकतो. साधारण १३.५ टक्के मद्यार्काच्या वाइनच्या एका बाटलीत सुमारे १० युनिट असतात. आठवड्याला १४ युनिटच्या वर नियमित जाऊ नये, असा ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा २०१६ चा सल्ला आहे. बारा बाटल्यांची सवलतीची पेटी म्हणजे एका माणसाची आठ आठवड्यांहून जास्त दिवसांची मर्यादा, एकदम दारात.

इथला कायदाही या बाबतीत विचार करायला लावतो. २००३ च्या इलेक्ट्रॉनिक संदेशांविषयीच्या नियमांनुसार व्यक्तीच्या संमतीशिवाय जाहिरातीचा ईमेल स्वतः पाठवणे जसे चुकीचे, तसे दुसऱ्याला पाठवायला प्रवृत्त करणेही चुकीचे. स्वतः करू नये आणि दुसऱ्याला करायला लावू नये, ही शिकवण आपल्याला सुत्तांतून माहीत आहे. 'मी काही पाठवले नाही, ग्राहकाने पाठवले' हा बचाव म्हणूनच तोकडा पडतो.

माझे मत असे. दुकानाचा सर्व्हर सांभाळणे आणि ही मोहीम रचणे यात फरक आहे. सर्व्हर सांभाळणारा आधीच झालेल्या इच्छेची नोंद करतो. मोहीम रचणारा नव्हती ती इच्छा निर्माण करतो, आणि तीही मैत्रीच्या आडून. पहिल्या कामाबद्दल प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. दुसरे काम उपासकाने घेऊ नये.

'मी नाही केले तर दुसरा करेल' हे खरे आहे. पण शील आपण जगातली विक्री कमी व्हावी म्हणून घेत नाही, आपल्या हातून काय घडू द्यायचे ते ठरवण्यासाठी घेतो.

खरी अडचण वेगळी आहे. प्रायोजित व्हिसावर आलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. मुले शाळेत, घराचे भाडे, गावाकडे आईवडील. अशा माणसाला नकार दे म्हणणे सोपे आहे. त्याने आधी वरिष्ठांशी शांतपणे बोलून दुसरा प्रकल्प मागावा. २०१० च्या समानता कायद्यात धर्म व श्रद्धेला संरक्षण आहे. प्रत्येक विनंती मान्य होईलच असे नाही, पण विनंती करायला संकोच नको.

आणि तरीही दार बंद झाले, तर? एकट्याने शील पाळावे आणि बाकीच्यांनी विहारात त्याचे कौतुक करावे, एवढ्याने भागणार नाही. आपल्या कंपनीत जागा निघाली की आधी त्याला कळवणे, त्याचा बायोडेटा योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, दोन महिन्यांच्या भाड्याला हातभार लावणे हे आपल्या संस्थेला जमण्यासारखे आहे. ते आपण करणार असू, तरच त्याला नकार द्यायला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.

जय भीम.