जखमेचे ऋण

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज शिंद्यांच्या आश्रयाने उज्जयिनीत स्थिरावले. 1761 मध्ये पानिपतावर महादजींच्या पायावर घाव बसला, राणेखान भिश्त्याने त्यांचे प्राण वाचविले, पण पाय जन्माचा अधू झाला, ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. पुढे 1784 मध्ये दिल्ली दरबाराची सूत्रे त्याच लंगड्या सेनापतीच्या हाती आली. त्यांना कोणाच्या निवृत्तिवेतनाची गरज भासली नाही. प्रश्न आहे तो त्याच रणात अधू झालेल्या सामान्य शिलेदाराचा. राज्य त्याला जे देते ती दया, भरपाई, की ऋणाची फेड?

सभासदाच्या बखरीत 1659 च्या अफजलखान प्रकरणानंतर जखमींना जखमेच्या मानाने पंचवीस ते दोनशे होन दिल्याची नोंद आहे. पडलेल्यांच्या स्त्रियांना अर्धे वेतन मिळाले. पेशवाईतही ‘बालपरवेशी’ची तरतूद होती. जखमेचे मोजमाप करण्याची रीत, म्हणजे, साहेबाने आणलेली नव्हे.

1961 च्या सैनिकी नियमावलीने दोन अटी घातल्या. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले असावे आणि ते किमान वीस टक्के असावे. गोळी लागलेल्याबद्दल सहसा वाद होत नाही. वाद होतो तो आजाराबद्दल. भरतीच्या वेळी निरोगी ठरलेल्या जवानाला सेवेत असताना अपस्माराचे झटके येऊ लागले, तर कारण कोणी सिद्ध करायचे? धर्मवीर सिंग खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रवेशाच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. पुराव्याचा भार जवानावर नाही.

मी आयुष्यभर शासकीय फायलींवर टिपणे लिहिली आहेत. खजिना जनतेचा आहे, खोटे दावेही येतात, हे मला मान्य आहे. तरीही संशयाचा फायदा कोणाला द्यावा, हा नैतिक प्रश्न आहे, केवळ हिशेबाचा नव्हे. ज्याने स्वतःचा देह राज्याच्या स्वाधीन केला, त्याने तो देह कोठे झिजला याचे दाखले गोळा करीत फिरावे, हे मला पटत नाही. 2023 च्या नियमांत तर सेवाकाल पूर्ण करून निघालेल्यांच्या रकमेचे नावच ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झाले. रिलीफ म्हणजे दुष्काळात वाटतात ते!

कोणी म्हणेल, अधू माणूसही पराक्रम करतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भरपाई गमावलेल्या मिळकतीची असेल, तर यशाबरोबर ती कमी व्हावी. ऋण असेल, तर पदकाने त्यातला एक पैसाही फिटत नाही. पेटकरांनी पाण्यात जे कमावले ते त्यांचे स्वतःचे आहे. 1965 चे देणे वेगळ्या खात्यावर आहे.