बोगद्याबाहेरची एक वाट

ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाध येईपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिकांना ते मान्य नाही. समोर पाणी दिसलं, जाऊन प्यायलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं ठरलं. यावर मीमांसक विचारतात, तहान भागल्याचं ज्ञान तरी खरं कशावरून? अशानं एकाला दुसऱ्याचा आधार, दुसऱ्याला तिसऱ्याचा. हीच अनवस्था. माझे वडील वाईला हा विषय शिकवत. त्यांच्या प्रवचनांच्या कॅसेटी मी घरच्या संगणकावर उतरवल्या आहेत, आणि त्या नागपूरच्या ताईला ऐकवण्याच्या खटपटीत हा वाद मला नव्यानं कळला.

आमच्या इंटरनेटला स्वतःचा जाहीर पत्ता नाही. अनेक घरांत मिळून एकच पत्ता असतो, १००.६४ पासून पुढची एक पट्टी २०१२ साली त्याच कामासाठी राखून ठेवली गेली. त्यामुळे बाहेरच्या कुणाला थेट घरात येता येत नाही. म्हणून मुंबईत छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि वायरगार्ड या सॉफ्टवेअरनं घर ते सर्व्हर बोगदा काढला. ताईची मागणी सर्व्हरवर येते, तिथून बोगद्यातून वाईला. उत्तर आल्या वाटेनंच परतायला हवं. घरच्या नेहमीच्या वाटेनं गेलं तर ते भलत्याच पत्त्यावरून आलेलं दिसेल आणि ताईचा फोन ते टाकून देईल. म्हणून संगणकाला सांगावं लागतं, तुझं सगळं बोगद्यातून जाऊ दे. राउटिंगच्या भाषेत ०.०.०.०/०, म्हणजे जगातला प्रत्येक पत्ता.

पण बोगदा म्हणजे पॅकेटात गुंडाळलेलं पॅकेट, आणि बाहेरच्या पॅकेटावर सर्व्हरचा पत्ता. 'प्रत्येक पत्ता' म्हटलं की त्यात सर्व्हरचाही आलाच. मग बोगदा वाहून नेणारं पॅकेट बोगद्यातच शिरू पाहतं. त्यावर पुन्हा वेष्टण, पुन्हा तोच पत्ता. बोगदा उभाच राहत नाही. न्यायशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दाखला दिला आहे, की नट कितीही तयारीचा असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. सर्व्हरचा तेवढा एकच पत्ता, /३२, घरच्या साध्या राउटरकडून पाठवायचा. दोन नियम लागू होत असतील तर अधिक नेमका नियम चालतो, त्यामुळे ही इवलीशी ओळ अख्ख्या जगाच्या नियमावर मात करते. तयार साधनं हे काम पॅकेटांवर खूण करून परस्पर उरकतात. मी ओळ हातानं लिहिली, कारण मला ती डोळ्यांसमोर हवी होती. दोन टोकं एकमेकांना ज्या किल्लीनं ओळखतात, तिचंही तसंच. सर्व्हरची सार्वजनिक किल्ली बोगदा होण्याआधी दुसऱ्याच वाटेनं घरी आणावी लागते.

मीमांसकांचं एवढं मला पटतं, की साखळी कुठेतरी थांबते. बुद्धीला बोगदा मानलं, तर सर्व्हरच्या त्या पत्त्यासारखी तिथे बुद्धीच्या बाहेरची एक वाट लागते. प्रत्येक गोष्ट बुद्धीनंच सिद्ध करा म्हणणारा शेवटी आत्माश्रयात सापडतो. पण एवढं कबूल केलं की लोक लगेच म्हणतात, मग सगळंच श्रद्धेवर सोडा. गुरू सांगतील ते लग्न, गुरू सांगतील ते औषध. हे मला कळकळीनं नाकारावंसं वाटतं. अपवाद एका पत्त्यापुरता आहे. तो सैल करत /२४, /१६ असा पसरवत नेला, तर शेवटी बोगदा नावालाच उरतो.

शिवाय त्या एका पत्त्यावरचा विश्वासही तपासला जातोच. शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांना ओळखणं, किती वेळापूर्वी झाला ते वायरगार्ड दाखवतं. बोगद्यातून ये-जा चालू असेल तर साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक होतो. तो थांबला, की वाट तुटली आहे असं समजून शोध घ्यायचा. ताईला प्रवचन ऐकू येतं, हीसुद्धा तहान भागल्यासारखीच खूण आहे. वडील अखेरपर्यंत मीमांसकांच्या बाजूचे होते. मी नैयायिकांच्या बाजूचा आहे.