ऋण चिन्हाचा हिशेब

कॉमर्सच्या माणसाला जगात एकच धर्म माहीत असतो : जमा आणि नावे यांची बेरीज जुळली पाहिजे. लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूने हा धर्म १४९४ साली पुस्तकात छापला, आणि तेव्हापासून एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या खात्यात काही जमा होत नाही. मी गेली वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून याच धर्माचं पालन करतो आहे.

त्यामुळे दहावीची परीक्षा जवळ आल्यापासून आमच्या घरात जे चाललं आहे, ते काही माझ्या हिशेबात बसत नाही. संध्याकाळी सहा वाजले की बिल्डिंगमधली चार पोरं आमच्याकडे येतात, कन्येने अंथरलेल्या सतरंजीवर बसतात आणि 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १' उघडतात. एकाला रासायनिक समीकरणं संतुलित करता येतात, एकीला धातूंची क्रियाशीलता पाठ आहे, आमच्या कन्येला भिंगं येतात. एकाला काहीच येत नाही, पण त्याच्या घरून चिवडा येतो. ही देवघेव दोन तास चालते आणि उठताना कोणाचीच शिल्लक कमी झालेली नसते. उलट प्रत्येकाकडे रोकड जास्तच भरते! आमच्या शाखेत असं झालं तर आधी ऑडिटर येईल आणि मग पोलीस.

आमच्या आईला हा प्रकार पसंत नाही. ती पोरांना पोहे करून घालते, पण बशा उचलताना नातीच्या कानाशी लागते, "सगळंच सांगू नये गं. थोडं आपल्यापाशी ठेवावं." हे ती अनुभवाने बोलते. तिच्या अनारशांचं बिल्डिंगमध्ये नाव आहे. कृती विचारायला येईल तिला ती मनापासून सांगते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे, गूळ एवढा, तूप तेवढं. फक्त भिजवणाचं पाणी रोज बदलायचं, हे सांगायला ती विसरते. हा विसर तिला गेली चाळीस वर्षं अत्यंत नियमितपणे पडतो आहे.

पण आईचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अकरावीच्या प्रवेशाची यादी मार्कांवर लागते. हव्या त्या कॉलेजात एकच जागा उरली, तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीला आमच्या कन्येपेक्षा एक मार्क जास्त पडला आणि तो नेमका आमच्या सतरंजीवरून गेलेला असला, तर? मी कागद घेऊन बसलो. अकरावीचं सोडा, बारावीनंतरच्या सीईटीला तर पर्सेंटाइलच असतो. म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे, याचा हिशेब. समजा, एक लाख पोरं परीक्षेला बसली आणि आपण शिकवलेली एक मुलगी आपल्यापुढे गेली, तर आपला पर्सेंटाइल उतरतो ०.००१ ने. एवढ्या रकमेसाठी आमचा मॅनेजरसुद्धा चष्मा लावत नाही.

खरी शर्यत आहे ती उरलेल्या ९९,९९८ जणांशी. पण त्यांची आपली ओळख नाही, त्यामुळे त्यांचा रागही येत नाही. राग येतो तो जिन्यात रोज भेटणाऱ्या एकीचा. मत्सराला लांबचं दिसत नाही हो! त्याला अंतर्गोल भिंगाचाच चष्मा लागणार.

आता दुसरा पेच. परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला केंद्राच्या फाटकाबाहेर मैत्रिणीला एखादा नियम सांगितला, तर ते पुण्य. तोच नियम, त्याच शब्दांत, सव्वाअकराला वर्गात सांगितला, तर महाराष्ट्राच्या १९८२ च्या कायद्याने तो गैरप्रकार. सव्वा तासात पुण्याचा गुन्हा कसा झाला? नियम तोच, मैत्रीण तीच. तत्त्वज्ञांनी यावर काय म्हटलं असेल ते असो, काउंटरवरून मला असं दिसतं की फाटकाबाहेर आपण तिच्या खात्यात भरणा करतो आणि पुढचा चेक ती स्वतःच्या सहीने काढते. वर्गात आपण तिला आपल्याच सहीचा चेक देतो. तो उद्या ज्याच्यासमोर जाईल, त्या बिचाऱ्याला वाटणार की सही तिची! समज देता येते, उत्तर देऊ नये. दोन्ही दिसायला सारखी असतात, एवढीच अडचण.

आणि समज देणाऱ्याला व्याज मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कन्या भिंगाचं सूत्र समजावत होती. म्हणाली, "वस्तूचं अंतर नेहमी ऋण घ्यायचं." ऋण म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "पण ऋण का?" कन्या गप्प. गेले सहा महिने ती ते चिन्ह बिनचूक घालत होती, पण का घालायचं ते तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग दोघींनी पुस्तक उलगडलं. अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजायची, प्रकाश ज्या दिशेने जातो ती दिशा धन, आणि वस्तू ठेवलेली असते उलट्या बाजूला. म्हणून ऋण. आता ते दोघींनाही कळलं. ज्याला येत नाही त्याच्या प्रश्नाचं ऋण असं असतं.

याच पुस्तकात विद्युतचुंबकीय प्रवर्तन आहे, ते १८३१ साली शोधून काढणारा मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा. बुकबाइंडरकडे उमेदवारी करायचा. लंडनमध्ये सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी नावाची मंडळी संध्याकाळी जमून विज्ञान शिकत आणि एकमेकांना व्याख्यानं देत. तिथे तो १८१० पासून जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा. तो त्याचा थोरला भाऊ भरायचा. म्हणजे तिथेही एक सतरंजी होतीच, फक्त चिवड्याची सोय होती की नाही, कोण जाणे.

परवा प्रिलिमचे पेपर मिळाले. तिसऱ्या मजल्यावरचीला आमच्या कन्येपेक्षा दोन मार्क जास्त. आणि कशात? भिंगांत! त्या रात्री कन्या जेवताना एक शब्द बोलली नाही. आईने माझ्याकडे 'सांगत नव्हते?' अशा नजरेने पाहिलं. मी माझा पर्सेंटाइलचा हिशेब काढला, फॅरेडे काढला. कोणी ऐकून घेतलं नाही. ते बरोबरच होतं. ९९,९९८ अनोळखी पोरांना मोठ्या मनाने माफ करायला काही लागत नाही. जिन्यातल्या एकीला दुसऱ्या दिवशी "येतेस ना?" म्हणायला मात्र लागतं, आणि ते कुठल्या कोष्टकात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला सतरंजी अंथरलेली होती. दार उघडं होतं. "आज तू मला समीकरणं विचार," असं कन्येचं बोलणं ऐकू आलं. आवाज जरा कोरडा होता, पण होता.

आईने पोहे केले. अनारशांच्या पाण्याबद्दल मात्र ती अजून कोणापाशी बोललेली नाही. ते मी इथे छापून टाकलं आहे. दिवाळीत काय व्हायचं असेल ते होवो.