सुई, इंजिन आणि मधला होज

एकाच मोटरसायकलच्या इंजिनाला पाठोपाठ दोन कॉम्प्रेशन गेज लावले. एकाने १५० पीएसआय दाखवलं, दुसऱ्याने १२०. "सर, यातलं खरं कुठलं?" आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवताना मुलांचा हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो गॅरेजइतकाच न्यायशास्त्राचा आहे.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, नेमकं इथेच पकडलं होतं. वस्तू प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, सिद्ध होते म्हणता, मग प्रमाण कशाने सिद्ध होतं? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल, तर त्यालाही तिसरं लागणार. अशा आक्षेपाला न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तराजूचा दृष्टांत दिला आहे. तराजू वजन करतो, पण त्याच्याबद्दलच शंका आली तर त्यालाही पारखता येतं. तेच साधन कधी प्रमाण, कधी प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू.

गेजचंही तसंच. आतली चपटी, वाकवलेली बोर्डन नळी दाबाने सरळ व्हायला बघते आणि सुई फिरते. सुईवर शंका आली तर गेज डेड-वेट टेस्टरवर बसवायचा: ठरावीक क्षेत्रफळाचा पिस्टन आणि त्यावर ठेवलेली मोजकी वजनं. म्हणजे फिरून तराजूच.

पण आमचे ते दोन्ही गेज या कसोटीला उतरले तर? उतरू शकतात! शंभर सीसीच्या, नऊला एक कॉम्प्रेशनच्या इंजिनात पिस्टन वर आला की हेडखाली साडेबारा सीसी जागा उरते. एका गेजचा एकमार्गी वॉल्व्ह स्पार्क प्लगच्या भोकापाशीच आहे. दुसऱ्याचा डायलजवळ, आणि मधल्या होजमध्ये समजा अडीच सीसी हवा मावते. ती जागा दर फेरीला हेडखालच्या जागेत मिळते आणि नवाचं प्रमाण पावणेआठाच्याही खाली येतं. दुसरी सुई खोटं बोलत नाही. गेज जोडल्यावर जे इंजिन झालं, त्याचा दाब ती बरोबर सांगते.

म्हणून मला तराजूचा दृष्टांत इथे अपुरा वाटतो. नैयायिकांचाच 'संनिकर्ष', म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध, जास्त कामाचा आहे. साधन निर्दोष, वस्तूही निर्दोष, आणि दोष जोडणीत. चार सिलिंडरच्या गाडीत तो फारसा नडत नाही. चौघांनाही तोच गेज लागतो, सगळे सारखेच कमी दाखवतात, आजारी सिलिंडर तरीही वेगळा पडतो. एक सिलिंडरवाल्याला शेजारी नाही. त्याला त्याच्याशीच ताडून बघावं लागतं: इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, सुई चढायची थांबेपर्यंत किक. मग सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा. आकडा चढला तर रिंगा, नाही तर इंजिनाचे वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. मात्र ऑइल थोडंच टाकावं. जास्त झालं की तेच हेडखालची जागा अडवतं आणि आकडा उगाच फुगतो. तीच चूक, उलट्या बाजूने.

मीमांसा दर्शनाचे पंडित म्हणतील, बाध येईपर्यंत, म्हणजे खोटं ठरेपर्यंत, ज्ञान खरंच मानावं. रोजच्या कामात आपण असंच जगतो, हे मला मान्य आहे. पण इथे बाध येतो तो इंजिन खोलल्यावर, आणि त्याची किंमत मोजतो गाडीवाला. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या पोराची गाडी दोन दिवस खोलून पडली की त्याची तेवढी कमाई बुडते. १२० वाचून त्याला "रिंगा गेल्यात" सांगण्याआधी होज कुठला होता आणि गेजचा वॉल्व्ह कुठे होता, हे मी मुलांना जॉबकार्डवर आकड्याशेजारीच लिहायला लावतो.