गाडीची चूक, माझी चूक

मोटरसायकलच्या स्पर्धांना जातो असं सांगितलं की पुण्यातले मित्र पहिला प्रश्न हमखास विचारतात, "किती पळते?" खरं उत्तर ऐकून सगळे हिरमुसतात. ट्रायल्सची गाडी पळवायची नसतेच. ओढ्यातले दगड, ओली मुळं, कमरेएवढी कातळाची पायरी, यांवरून ती चालण्याच्या वेगाने न्यायची, आणि पाय खाली टेकवायचा नाही. एकदा टेकला की १ गुण दंड, दोनदा टेकला की २, त्याहून कितीही जास्त वेळा टेकला तरी ३. पडलात किंवा आखलेल्या वाटेबाहेर गेलात की ५. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. गाडीला बसण्यापुरती सीटही नसते. सगळं उभ्याने.

मी लीड्सला नोकरीसाठी आलो. आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी यॉर्कशरच्या टेकड्यांमध्ये एका छोट्या क्लबबरोबर पडायला जातो. 'चालवायला' म्हणणं जरा अतिशयोक्तीचं होईल.

या खेळाचा निम्मा भाग शेडमध्ये होतो. रस्त्यावरच्या मोटरसायकलच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते. आम्ही मागच्या टायरमध्ये ४ ठेवतो, पुढच्यात ५-६. एवढी कमी हवा पेट्रोल पंपावरच्या गेजला धड कळतही नाही, वेगळं गेज घ्यावं लागतं. अर्धा पीएसआय इकडेतिकडे झाला तरी ओल्या दगडावर टायर धरतो की सटकतो, ते बदलतं. क्लच एका बोटाने दाबता यावा अशा बेताने लिव्हर लावायचा, पण त्याचा बोल्ट फार आवळायचा नाही. म्हणजे पडल्यावर लिव्हर नुसता फिरतो, तुटत नाही. एअर फिल्टरचा फोम धुऊन, तेलात भिजवून, पिळून परत बसवायचा. गाडी दर आठवड्याला पाण्यात जाते, म्हणून मागच्या सस्पेंशनच्या सांध्यांची बेअरिंग काढून ग्रीस भरायचं. हे सगळं आतलं काम. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

या खेळात गाडीवर हात चालवणाऱ्यांना मोठा मान आहे. बेलफास्टमध्ये जन्मलेला सॅमी मिलर आपली 'एरियल' कापून, घासून, हलकी करत राहिला आणि तिच्यावर १९६२ आणि १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकला. मग तो 'बुल्टाको'च्या बार्सेलोनातल्या कारखान्यात गेला, त्यांची नवी टू-स्ट्रोक गाडी घडवायला मदत केली आणि १९६५ मध्ये तीच स्पर्धा त्या गाडीवर जिंकला. त्यानंतर जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरले. अशा गोष्टी ऐकल्या की आपल्यालाही वाटतं, आपलं सगळं दुखणं एखाद्या स्क्रूच्या पाव फेऱ्यात दडलेलं असणार.

पहिलं वर्षभर मी तेच केलं. ५ गुण पडले की हवा बदलली. पुन्हा पडले की हँडल पुढे सरकवलं, मग सस्पेंशन मऊ केलं, मग कार्ब्युरेटर उघडला. क्लबमधले एक आजोबा हे बघत होते. सत्तरी ओलांडलेली, बोलणं मोजकं. एक दिवस म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि वहीत लिही." मी वही केली. दोन महिन्यांनी ती वाचली तेव्हा हसू आलं. हवा ४ असो की ५, त्याच पायरीवर मी त्याच जागी पडत होतो. कारण गुडघे ताठ आणि नजर पुढच्या चाकावर. गाडी बिचारी निर्दोष होती.

तेव्हा माझं एक तत्त्वज्ञान तयार झालं, आणि मला ते फार आवडलं. गाडी नीट ठेवायची ती जिंकण्यासाठी नाही, तर सबब उरू नये म्हणून. बेअरिंग चांगलं, हवा बरोबर, चेन ताणलेली, तरी पडलो तर ती चूक माझी, निर्विवाद माझी. स्वतःची चूक स्वच्छ दिसावी म्हणून यंत्र स्वच्छ ठेवायचं.

लहानपणी बाबा स्कूटर तिरकी करून, प्लग काढून, पॉलिश पेपरने घासायचे. ते बघत मोठा झालेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. पण हे तत्त्वज्ञान अर्धवट होतं. त्यात फक्त मी होतो.

ट्रायल्सच्या गाडीला एक मनगटी दोरी असते. एक टोक मनगटाला, दुसऱ्या टोकाला चुंबकाचं बटण, ते हँडलवर चिकटलेलं. तुम्ही पडलात की दोरी ओढली जाते, बटण सुटतं आणि इंजिन बंद पडतं. गेल्या हिवाळ्यात माझी गाडी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की बंद पडायला लागली. दोरीच्या वायरचं आवरण कुठेतरी घासलं जाऊन ती फ्रेमला लागत असणार, हे मला कळलं होतं. शोधायला टाकी काढावी लागली असती. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. मी वायरचं कनेक्टर काढून ठेवलं. गाडी सुरळीत चालली. बंद करायला हँडलवर दुसरं बटण होतंच. दोरी मनगटाला बांधायचो, फक्त ती काहीच करत नव्हती.

कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एखादी टेस्ट सारखी फेल होते, रिलीज उद्यावर आलंय, आपण ती टेस्ट कमेंट करून टाकतो. 'नंतर बघू.' ते 'नंतर' कधी येत नाही.

महिन्याभराने, सरावाच्या दिवशी, क्लबमधल्या सोळा वर्षांच्या मुलाने माझी गाडी मागितली. मी दिली. वायर माझ्या डोक्यातून पार गेलेली होती. एका पायरीवर पुढचं चाक उचललं गेलं, तो मागे पडला, दोरी ओढली गेली, बटण सुटलं. इंजिन चालूच. गाडी आडवी, गिअरमध्ये, मागचं चाक फिरतंय. ती उचलायला त्याने घाईने हात घातला. मी धावत जाऊन बटण दाबलं. तळहाताला चार टाके पडले.

तो त्याच्या आईला सांगत होता, "माझीच चूक. मी क्लच दाबायला हवा होता." मी शेजारी उभा होतो. गप्प राहिलो.

पुढचे दोन आठवडे मी स्वतःशी वकिली केली. टाके निघतील. सांगून काय बदलणार? क्लच दाबायला हवा होता हेही खोटं नाही. आमच्या ऑफिसात सर्व्हर कोसळला की जी बैठक होते, तिचा नियम आहे: माणसाला दोष द्यायचा नाही, प्रक्रियेला द्यायचा. मला तो नियम मनापासून आवडतो, कारण त्याने लोक खरं बोलतात. पण शेडमध्ये प्रक्रिया कोण होती? मीच. आणि मी खरं बोलत नव्हतो.

माझं अर्धवट तत्त्वज्ञान इथे मोडलं. माझी चूक गाडीवर ढकलली तर नुकसान माझं होतं, मी शिकत नाही. पण गाडीतला दोष लपवला, तर माझी चूक दुसऱ्याच्या नावावर जमा होते. ती तो प्रामाणिकपणे स्वीकारतो, तिच्यावरून स्वतःबद्दल काहीतरी ठरवतो. त्याच्या वहीत मी खोटी नोंद केलेली असते. जखम भरून येते, पण ती नोंद कोणी खोडली नाही तर तशीच राहते.

तो मुलगा त्यानंतर सरावाला आला नव्हता. मी त्याच्या घरी गेलो. आई-बाबांसमोर सगळं सांगितलं. त्याच्या वडिलांचा चेहरा कडक झाला, आणि ते योग्यच होतं. "मुलाच्या हाताचं काही झालं असतं तर?" असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा मात्र वेगळंच विचारत होता. "म्हणजे दोरी चालू असती तर इंजिन बंद पडलं असतं? मी घाबरून काही चुकीचं केलं नव्हतं?"

"पडलास ते तुझं," मी म्हणालो. "पुढचं माझं."

त्याच संध्याकाळी मी टाकी काढली. वायर स्टेअरिंगच्या मानेपाशी घासली गेली होती, नखाएवढी जागा. नवा तुकडा जोडून, त्यावर नळी चढवून, हँडलच्या वळणात येणार नाही अशी बांधायला चाळीस मिनिटं लागली.

महिन्याभराने तो परत यायला लागला. माझी गाडी अजून मागतो. पण चालवण्याआधी इंजिन सुरू करून, माझ्यासमोर, तो दोरी ओढून बघतो. दर वेळी. पहिल्यांदा मला ते लागलं. आता मीही माझ्या पाळीला तेच करतो, आणि मग गाडी पुन्हा किक मारून सुरू करतो.