लिहिणाऱ्याने नकार देऊ नये

दोन वर्षांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर आमच्या वस्तीतील एक वेल्डर मशिदीच्या ओट्यावर माझ्यासाठी थांबले होते. वयाने माझ्या वडिलांएवढे. पोलादनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात ते लोखंडी जाळ्या व दरवाजे बनवून कुटुंब चालवतात. त्यांनी विचारले, "मौलाना, मशीन घ्यायला ५० हजार हवेत. बँकेचे कर्ज चालेल का?" मी सूरह अल्-बकराहचा दाखला दिला आणि म्हणालो, "चाचा, व्याज निषिद्ध आहे." ते "बरोबर आहे" म्हणून निघून गेले.

गेल्या महिन्यात कळले की ती रक्कम त्यांनी परवाना नसलेल्या सावकाराकडून शेकडा ५ दराने उचलली. महिन्याला अडीच हजार, वर्षाला ३० हजार. दोन वर्षांत ६० हजार देऊनही ५० हजारांचे मुद्दल तसेच उभे आहे. आणखीही एक गोष्ट कळली. माझ्याकडे येण्यापूर्वी ते एका बँकेत जाऊन आले होते. घर गुंठेवारीच्या भूखंडावर, खरेदी बाँड पेपरवर. वस्तीचे नाव ऐकताच तेथे त्यांचा अर्जही घेतला गेला नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. मी सांगितलेला आदेश शरीअतचाच होता, त्यात तिळमात्र शंका नाही. परंतु निषिद्ध दार दाखवून वैध दाराकडे न नेणाऱ्याचे कर्तव्य पूर्ण होते काय?

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत: कर्ज मिळण्याची योग्यता आणि माणसाची प्रतिष्ठा. पहिली नाकारली की दुसरीलाही धक्का लागतो. न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की काही बँका विशिष्ट भौगोलिक क्षेत्रे 'नकारात्मक' ठरवतात आणि तेथे कर्ज व इतर सुविधा सहजासहजी मिळत नाहीत. २०१४ मध्ये जनधन योजना आली, घरोघरी खाती उघडली गेली. मात्र खाते मिळणे आणि पत मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. माणसाची सचोटी न पाहता पत्त्यावरून त्याची पारख करणे हा अन्याय आहे, मग त्या पत्त्यावर मुस्लिम राहत असोत, दलित असोत वा भटके-विमुक्त.

कोणी म्हणेल, "तुम्ही व्याज निषिद्ध मानता, मग बँकेच्या दाराची चिंता कशाला?" बँकेत केवळ कर्ज नसते. मजुरी, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, बचतीची सुरक्षितता हे सारे तेथूनच चालते. शिवाय न्यायाची मागणी स्वतःच्या लाभापुरती मर्यादित नसते. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना स्वतःच्या विरोधात जात असले तरी न्यायाची साक्ष देण्याचा आदेश आहे.

ती साक्ष आता माझ्याविरुद्ध द्यावी लागते. दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराहची २८२ वी, कर्जव्यवहाराविषयी आहे. तीत लिहू शकणाऱ्याला आज्ञा आहे की त्याने लिहिण्यास नकार देऊ नये, न्यायाने लिहावे. बँकेतील ज्या माणसाने अर्ज घेतला नाही, त्याला ही आज्ञा लागू पडतेच. मला मदरशाने आणि महाविद्यालयानेही लिहायला शिकवले. चाचांचे कागद मी एकदाही पाहायला मागितले नाहीत.

कागद पाहिले असते तर २००१ च्या गुंठेवारी कायद्यानुसार भूखंड नियमित करून घेण्यासाठी अर्ज लिहून देता आला असता. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, हे सांगता आले असते.

आणि वैध दार? ते आपल्याच हाती आहे. सूरह अत्-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेल्यांचा समावेश आहे. रमजानमध्ये जकात वाटताना हा हक्कदार आपल्याला क्वचितच आठवतो, कारण तो हात पसरत नाही. दुसरा मार्ग कर्जे हसनाचा. आपला जिल्हा एकेकाळी ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील बिनव्याजी पतसंस्थांविषयी डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे ही वाट आपल्या वाडवडिलांना अपरिचित नव्हती.

एका कर्जदाराची मय्यत समोर आणली गेली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः जनाजाची नमाज पढवण्याचे थांबवले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले, तेव्हाच नमाज पढवली गेली. एका माणसाचे कर्ज त्या दिवशी साऱ्या सफीचा प्रश्न बनले होते. आपल्या सफीत चाचा माझ्या मागे पाच वेळा उभे राहत होते आणि मला त्यांच्या कर्जाचा पत्ता नव्हता.

आता दर रविवारी असरनंतर मी चार सुशिक्षित तरुणांसह मशिदीच्या ओट्यावर बसतो. कागद तपासतो, अर्ज लिहून देतो. बँकेने नकार दिला तर तो कारणासह लेखी मागण्यास सांगतो. पहिला अर्ज चाचांचा लिहिला. मुद्दलासाठी दोन जकातदात्यांशी बोलणे सुरू आहे.

अल्लाह आपल्याला हराम सांगण्याच्या धैर्यासोबत हलालचे दार उघडण्याचे बळही देवो. आमीन.